खंडेनवमीचा सर्व्हर

टेबलावर चार पुस्तकं होती. त्यांच्यामागे लोखंडी रॅकमध्ये एक सर्व्हर, सर्व्हरच्या पोटात चार हार्ड डिस्क आणि पुढच्या पत्र्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं. समोर एक नारळ, पाच विड्याची पानं, स्क्रू ड्रायव्हरचा एक संच, वायर कापायची एक पक्कड. झेंडूच्या माळेत एकवीस फुलं होती. माळ मीच ओवली होती. खोलीला दार एक, काचेचं. खिडकी नाही. माणसं दोन, मी आणि बिराजदार सर.

संध्याकाळपर्यंत यातला जसाच्या तसा उरला तो फक्त नारळ.

लातूरकडच्या एका गावातलं ते पन्नास खाटांचं प्रसूतीचं हॉस्पिटल. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि दोन महिन्यांपूर्वी तिथल्या कॉम्प्युटर विभागात लागले होते. विभाग म्हणजे बिराजदार सर. पेशंटची नोंदणी, लॅबचे रिपोर्ट, कॅमेऱ्यांचं चित्रीकरण, सगळं त्या एका सर्व्हरवर चालायचं आणि सर्व्हर सरांवर. नऊ वर्षांत त्यांना धड लग्नाकार्यालाही जाता आलं नव्हतं. म्हणून मला शिकवायचं ठरलं.

शिकवायची त्यांची पद्धत अशी, की त्यांनी चार पुस्तकं आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चार स्थळं आहेत. एक पसंत करा. चौघांशी संसार करायला गेलात तर एकही धड होणार नाही."

काळं पुस्तक अकराशे पानांचं, उशीला घेता येईल असं. लाल पुस्तक परीक्षेच्या तयारीचं, प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय. पिवळ्यात चित्रं आणि बाण. निळं सगळ्यांत साधं, तीनशे पानांचं, चित्र एकही नाही. निवड झाल्याशिवाय सर्व्हरचा मुख्य पासवर्ड मिळणार नव्हता. कोणत्या पुस्तकावर माणूस विसंबतो ते कळल्याशिवाय मी किल्ली देत नाही, असं ते म्हणायचे.

मी प्रयोगशाळेतल्या सवयीने चौघांना एकच प्रश्न विचारला. नवा वापरकर्ता कसा जोडायचा? चौघांनी तेच उत्तर दिलं, जवळजवळ त्याच शब्दांत. मी सरांना तसं सांगितलं, तर ते हसले.

"प्रश्न चुकला. चहापोहे चालू असताना सगळेच गोड बोलतात. घरात आग लागल्यावर काय बोलतात ते विचारा."

ते विचारायच्या आत खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. सुताराची करवत, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, आणि आता कॉम्प्युटरही. पूजेला लावलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही आणि पूजेत ठेवलेलं पुस्तक उघडायचं नाही. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मगच. सर्व्हर वर्षातून एक दिवस बंद व्हायचा तो तेव्हा. सर चारही पुस्तकं पूजेत ठेवत म्हणाले, "उद्या उत्तरपूजेनंतर निवडा. आज त्यांनाही सुट्टी."

दर वर्षी ही पूजा दुपारची ओपीडी संपल्यावर होई. त्या वर्षी सकाळी दहाच्या सुमारास डॉ. मेनकुदळे मॅडमचा वरच्या मजल्यावरच्या केबिनमधून फोन आला. हॉस्पिटल त्यांचंच. पूजा आताच उरकून घ्या, मशीन लगेच बंद करा, असा निरोप होता. "मॅडमना आज देवाची फार घाई," असं पुटपुटत सरांनी सर्व्हर बंद केला. बाहेर रिसेप्शनमधल्या टीव्हीवर सोळा कॅमेऱ्यांची सोळा चौकोनी चित्रं दिसायची. ती सगळी एकदम काळी झाली.

त्या टीव्हीसमोरच्या बाकांवर शिवकांताचे नातेवाईक बसले होते.

शिवकांता सात नंबरच्या खाटेवर होती. आदल्या रात्री बाळंत झालेली. सकाळी ती गेली हे आम्हाला झाडूवाल्या मावशींकडून कळलं होतं. बाळ सुखरूप आहे, बाईचं रक्त थांबलं नाही, डॉक्टर वेळेवर आल्याच नाहीत, असं तिची सासू सांगते आहे, असं मावशी म्हणाल्या होत्या. मॅडमचं म्हणणं, त्या पाच मिनिटांत पोहोचल्या. यातलं कोण खरं हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मी पानं मोजत होते.

पहिला आवाज माशांच्या टाकीचा. रिसेप्शनमध्ये चार फुटी काचेची टाकी होती. ती फुटल्याचा, मग पाणी फरशीवर पसरल्याचा, मग बायका ओरडल्याचा. सर उठले. "मी बोलतो त्यांच्याशी," म्हणाले आणि बोटाला लागलेलं कुंकू तसंच घेऊन बाहेर गेले. काचेच्या दारातून मला सगळं दिसत होतं.

पंचवीसेक माणसं होती. सर त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. कुणीतरी कॅमेऱ्याचं चित्रीकरण दाखवा म्हणालं. सर शांतपणे म्हणाले, "आज खंडेनवमी आहे. सर्व्हर पूजेला लावलाय. उद्या उत्तरपूजा झाली की दाखवतो."

त्यांच्या दृष्टीने हे पूर्ण उत्तर होतं. नऊ वर्षं हे उत्तर चाललं होतं.

पुढे उभ्या असलेल्या उंच माणसाने ते ऐकून घेतलं. तो शिवकांताचा भाऊ, व्यंकट. त्याच्या हातात सलाइन लावायचा लोखंडी स्टँड होता, खालची चाकं निघालेली.

"बहीण सकाळी गेली," तो म्हणाला. "आमच्या डोळ्यांदेखत तुम्ही मशीन बंद केलाव. आन आता पूजा सांगायलाव?"

त्याने स्टँड आडवा फिरवला. तो सरांच्या डाव्या खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज काचेपलीकडून मला ऐकू आला. प्रयोगशाळेत काचेची नळी वाकवताना ती चुकून मोडली की तसा आवाज होतो. सर खाली बसले. दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या तोंडावर लाथ मारली. ओल्या फरशीवर ते मागे घसरत आमच्या दारापर्यंत आले. तिथे त्यांच्या अंगावरून काचेचं दार फोडून पाचसहा जण आत घुसले. बाकीचे जिन्याने वर धावले. वर मॅडमनी स्वतःला आतल्या बाथरूममध्ये कोंडून घेतलं होतं. थोड्याच वेळात ते दार ठोकल्याचे आवाज सुरू झाले. वॉचमन मागच्या भिंतीवरून निघून गेला होता. पोलिसांना फोन लागला होता, पण चौकीतली बहुतेक माणसं तुळजापूरला नवरात्राच्या बंदोबस्ताला होती.

आत आलेल्यांत व्यंकटचा चुलतभाऊ बालाजी होता, विशीबाविशीचा. त्याने पहिली लाथ रॅकला घातली. रॅक भिंतीवर आपटून परत आला. सर्व्हरच्या चार डिस्कपैकी एकीचा कप्पा तुटून खाली लोंबायला लागला. माळ तुटली. पक्कड उचलून बालाजीने ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

"हे फोडलंत तर तुमच्या बहिणीचं चित्रीकरण यातच आहे," मी म्हणाले.

माझा आवाज इतका बारीक निघाला होता की पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ते व्यंकटने ऐकलं. त्याने बालाजीचं मनगट धरलं.

"चालू कर," तो मला म्हणाला.

मी बटण दाबलं. पंखे फिरले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या आणि एका जागी थांबल्या. एक डिस्क सापडत नाही, चित्रीकरणाचा साठा उघडला नाही, पुढे जायचं तर मुख्य पासवर्ड द्या, असा त्यांचा अर्थ. खाली एक चौकोन उघडझाप करत होता.

"काय झालं?"

"बिघडलाय. लाथेने."

"बिघडवलाय म्हण," बालाजी म्हणाला आणि माझ्या वेणीला धरून माझं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. भुवईपाशी फुटलं. एका डोळ्याने सगळं लाल दिसायला लागलं. वर बाथरूमच्या दाराचा एक पत्रा निघाल्यासारखा आवाज आला, आणि कुणीतरी वरून ओरडून विचारलं, दार तोडायचं का.  व्यंकट माझ्याकडे बघत होता. मला समजलं की तो ठरवतो आहे. चित्रीकरण दिसलं तर एक, नाही दिसलं तर तो वर जाणार. मॅडम जगतात की नाही, सर जगतात की नाही, मी इथून उठते की नाही, ते त्या उघडझाप करणाऱ्या चौकोनाच्या पलीकडे होतं.

मी पूजेतली चारही पुस्तकं ओढली. हळद सगळीकडे सांडली.

प्रश्न एकच. डिस्क गेली आहे, साठा उघडत नाही. सगळ्यांत आधी काय करायचं?

पिवळ्यात हा विषयच नव्हता. त्यातला सर्व्हर कधी आजारी पडत नव्हता. मी ते खाली टाकलं. काळ्यात होता, पण सुरुवात साठे कसे रचतात इथपासून, आकृत्यांसह, चाळीस पानं. ते बरोबरच असणार. माझ्याकडे मात्र एकच मिनिट होतं.

"पोथी वाचायलीस का?" बालाजी म्हणाला. पुस्तकांवरचं कुंकू बघून त्याचा तसा समज झाला असावा. त्याने काळं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि त्याच पुस्तकाने माझ्या कानावर मारलं. अकराशे पानांचा फटका. कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली. ती अजून कधीकधी ऐकू येते.

लाल पुस्तकात उत्तर एका ओळीत होतं. पर्याय तिसरा: दुरुस्तीची आज्ञा द्या आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणा. आज्ञा तिथेच छापलेली होती, सात अक्षरी. मला सुटल्यासारखं वाटलं. मी ती पाठही केली. मग, विचारायचा तर चौघांना विचारायचा म्हणून, निळं उघडलं.

निळ्यातला तो धडा असा सुरू होत होता: आधी हात कीबोर्डवरून काढा. दुरुस्त करू नका. दुरुस्ती म्हणजे लिहिणं, आणि लिहिलेलं आधीच्या माहितीवर बसतं. एक डिस्क गेली तरी उरलेल्यांतून सगळं वाचता येतं; त्या फक्त वाचण्यापुरत्या जोडा. बघा. हवं ते काढून घ्या. दुरुस्ती नंतर. खाली दोन ओळींच्या आज्ञा.

मी हात कीबोर्डवरून काढला. तेवढ्यानेही बालाजी पुन्हा पुढे आला. व्यंकटने त्याच्या छातीला स्टँड लावून त्याला मागे ढकललं.

मी दाराकडे वळले. सर उंबऱ्यात कुशीवर पडले होते. त्यांच्या तोंडातून रक्त येत होतं आणि डावा हात अंगाखाली विचित्र वळला होता. डोळे उघडे होते. मी गुडघ्यांवर त्यांच्याजवळ गेले. काचा गुडघ्यांत शिरल्या.

"सर, पासवर्ड."

त्यांनी ओठ हलवले. मी कान तोंडापाशी नेला, चांगला असलेला.

"कोणतं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"निळं."

"का?"

"ते आधी काय करायचं नाही ते सांगतं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं संपलं. मग त्यांनी एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली. मध्ये थांबून त्यांनी एक दात थुंकला आणि पुढचं अक्षर सांगितलं. व्यंकट वाकून ऐकत होता.

पहिल्यांदा टाइप करताना चुकलं, कारण बोटं ओली होती. ओढणीला पुसून पुन्हा केलं. सर्व्हरने पासवर्ड घेतला. निळ्या पुस्तकातल्या दोन ओळी मी अक्षराला अक्षर लावून उतरवल्या. तीन डिस्क जोडल्या गेल्या, फक्त वाचण्यापुरत्या. सर्व्हर पुढे सरकला. कॅमेऱ्यांची खिडकी उघडली. मी बाळंतिणींच्या वॉर्डचा कॅमेरा निवडला आणि त्या दिवशीची पहाट शोधली.

"ही," व्यंकट म्हणाला.

चित्र करड्या रंगाचं होतं, आवाज नव्हता. सात नंबरची खाट पायाकडून दिसत होती. शिवकांताने डोक्यामागे हात नेऊन बेलचं बटण दाबलं. तिची सासू खाटेखाली अंथरलेल्या सतरंजीवरून उठली, तिने सुनेचं पांघरूण वर करून पाहिलं आणि बाहेर धावली.

मी चित्र पुढे पळवायला गेले. व्यंकटने माझा हात धरला.

"पळवायचं न्हाई. हाय तेवढं बघू."

मग त्याने जिन्याकडे तोंड करून हाक दिली. दार ऱ्हाऊ द्या, सगळे खाली या. ते आले. त्याने सरांकडे बोट दाखवलं आणि ज्यांनी त्यांना मारलं होतं त्यातल्याच दोघांना सांगितलं की यांना उचला आणि नर्सबाईंकडं न्या. त्यांनी स्ट्रेचर आणला. सरांना उचलताना त्यातला एक जण, खांदा सांभाळ, असं दुसऱ्याला म्हणाला.

उरलेले सगळे त्या खिडकी नसलेल्या खोलीत आणि बाहेर पाण्यात उभे राहिले. पडद्यावर फारसं काही होत नव्हतं. नर्स आली, गेली, फोन कानाला लावून परत आली. सासू खाट आणि दार यांच्यामध्ये फेऱ्या घालत होती. खाटेखाली फरशीवर एक काळा डाग दिसायला लागला. आधी एका चौकोनी फरशीएवढा. मग दोन. शिवकांता पाय हलवत होती. तीन फरश्या. नर्सने दोन चादरी आणून खाली दाबल्या. दुसरी नर्स दाराशी जाऊन बाहेर बघायची, पुन्हा आत यायची. चार. मग पाय हलायचे थांबले.

 रिसेप्शनमधल्या फरशीवर एक मासा अजून फडफडत होता, त्याचा आवाज येत होता. बालाजी भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याच्या मांडीवर काळं पुस्तक होतं आणि त्याने ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं.

पाचवी फरशी भरत असताना बाहेर गाडी थांबली. पोलीस तुळजापूरच्या रस्त्यावरून परत फिरून आले होते. ते थेट लाठ्या चालवत आत शिरले. बाहेरची माणसं पळाली, काही पाण्यावर घसरून पडली. खोलीतले कुणी हलले नाहीत. पहिली लाठी व्यंकटच्या पाठीवर बसली, दुसरी मानेवर. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"थांबा," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "डॉक्टर यायच्यात अजून."

तिसऱ्या लाठीने तो खाली पडला. त्याला केसांना धरून ओढत नेलं. स्टँड त्याने आपणहून सोडला. वरून मॅडमना चार पोलिसांच्या मधून जिन्याने खाली आणलं. त्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पडद्याजवळून जाताना त्यांनी एकदा आत पाहिलं. पडद्यावर त्या अजून आल्या नव्हत्या.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. व्यंकट आणि बालाजीवरचा खटला अजून उभा आहे, मॅडमवरचाही. बिराजदार सरांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी त्यांना दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य, डिस्क बदलली का, हे होतं. दुसरं, उत्तरपूजा केलीत का. मी दोन्हींना हो म्हणाले. निळं पुस्तक माझ्याकडे आहे. त्या धड्याच्या पानावर हळदीचे आणि रक्ताचे डाग एकमेकांत मिसळून तपकिरी झाले आहेत, पण दोन्ही ओळी वाचता येतात.

खंडेनवमीच्या त्या संध्याकाळी पोलिसांच्या साहेबांनी मला परत सर्व्हरच्या खोलीत बोलावलं होतं. माझ्या भुवईला चार टाके घातले होते. ते म्हणाले, पंचनाम्यात वेळ लिहायची आहे, नक्की मोजून सांगा. मी चित्रीकरण पुन्हा सुरुवातीला नेलं. सर्व्हरचं घड्याळ खऱ्या वेळेच्या एक मिनिट चाळीस सेकंद मागे होतं, ते मी त्यांना आधी सांगितलं. दोन्ही वेळा त्याच घड्याळातल्या असल्यामुळे फरकात चूक येणार नव्हती. बेलचं बटण दाबलं गेलं, सहा वाजून बारा मिनिटं चाळीस सेकंद. डॉ. मेनकुदळे वॉर्डच्या दारात दिसल्या, सहा वाजून एक्कावन्न मिनिटं पाच सेकंद. मी तीनदा मोजलं.

अडतीस मिनिटं पंचवीस सेकंद.